घरातल्या मनोरुग्ण माणसावर फौजदारी केस झाली तर काय करायचं, अगदी पहिल्या दिवसापासून

२०१६ च्या जूनमध्ये माझ्या दादाने शेजारच्या काकांच्या खांद्यावर फावडं घातलं. दादाला स्किझोफ्रेनिया आहे, तेव्हा आजाराला बारा वर्षं झाली होती, आणि सहा महिने गोळ्या बंद होत्या कारण आम्हा सगळ्यांना वाटलं की आता बरा झालाय, कशाला उगाच खायच्या. फावडं घालून तो पळाला वगैरे नाही, पारावर जाऊन बसला, फावडं शेजारी ठेवलेलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की काकांनी विहिरीत औषध कालवलंय, आता भिऊ नका, पाणी प्या. काका वाचले हे आधीच सांगते, हाड मोडलं होतं, दोन महिने हात गळ्यात होता. पण केस लागली ३०७ ची म्हणजे खुनाचा प्रयत्न (आता नवीन कायद्यात त्याचं कलम १०९ आहे) आणि निकाल लागायला २०२१ चा जानेवारी उजाडला.

मी वकील नाहीये. पण त्या साडेचार वर्षांत जे उशिरा कळलं ते आधी कळलं असतं तर दादाचे आतले बरेच महिने वाचले असते, म्हणून हे लिहितेय. नंतर आमच्या तालुक्यातल्या अजून चार-पाच घरांसोबत कोर्टात जाऊन बसलेय, सगळीकडे चुका त्याच होतात. आणि हो, १ जुलै २०२४ पासून कायदे बदललेत, जुन्या आयपीसी आणि सीआरपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्यात, मी खाली नवीन नंबर देतेय आणि जुने सोबत, कारण कोर्टात अजून निम्मे लोक जुनेच नंबर बोलतात.

प्रश्न एक नाही, दोन आहेत

हे एकदा नीट समजून घ्या, बाकी सगळं यावरच उभं आहे. आपण घरचे लोक एकच वाक्य बोलत राहतो, "साहेब तो आजारी आहे हो". कोर्टासाठी त्या वाक्यातून दोन वेगळे प्रश्न निघतात.

पहिला, आत्ता कोर्टात उभा असलेला माणूस आपला बचाव करू शकतो का? म्हणजे आपल्यावर काय आरोप आहे, समोर बसलेत ते कोण, साक्षीदार काय सांगतोय, आणि आपल्या वकिलाला काय सांगायचंय हे त्याला कळतंय का. नसेल कळत तर खटला चालवताच येत नाही, थांबवावा लागतो. याच्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६७ ते ३७८ असं एक आख्खं प्रकरण आहे, जुन्यात ते ३२८ ते ३३९ होतं. मॅजिस्ट्रेटसमोर चौकशीच्या टप्प्यावर ३६७, आणि प्रत्यक्ष ट्रायल सुरू झाली की ३६८.

दुसरा प्रश्न, ज्या क्षणी ते कृत्य झालं त्या क्षणी त्याची मनाची अवस्था काय होती. हे न्याय संहितेचं कलम २२, जुनं ८४. त्यात म्हटलंय की मनाच्या विकलतेमुळे आपण काय करतोय हे ज्याला कळतच नव्हतं, किंवा जे करतोय ते चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही.

आता बघा, माणूस घटनेच्या वेळी पूर्ण भ्रमात असेल आणि औषधांनी आज अगदी नीट बोलत असेल, मग खटला चालेल पण २२ चा बचाव मिळू शकेल. उलटंही होतं, घटनेच्या वेळी शुद्धीत होता आणि जेलमध्ये गेल्यावर आजार उफाळला, तर २२ मिळणार नाही पण खटला थांबेल. दादाच्या पहिल्या वकिलांनी हे दोन्ही एकत्र केलं. "वेडाचा मुद्दा ना, तो ट्रायलला शेवटी काढू" असं म्हणाले आणि नऊ महिने गेले. आम्हाला काय माहीत, आम्ही मान हलवली. पहिला प्रश्न शेवटी काढायचा नसतोच, तो पहिल्या दिवशी काढायचा असतो.

पोलीस स्टेशन आणि पहिला रिमांड

अटक झाली की २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात. तेवढ्या वेळात तुमच्या हातून एक काम झालंच पाहिजे. साध्या कागदावर लिहून द्या की या माणसाला अमुक आजार आहे, अमुक वर्षांपासून, अमुक डॉक्टरांकडे, अमुक गोळ्या चालू आहेत किंवा बंद आहेत, आणि त्याची मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी व्हावी. सोबत जुन्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच कागद एसपी ऑफिसला स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच.

हे का म्हणतेय, तर सुप्रीम कोर्टाने २००७ सालच्या एका निकालात आणि त्यानंतरही पुन्हा सांगितलंय की तपासात आरोपीला आधीचा मानसिक आजार असल्याचं दिसलं तर त्याची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा कोर्टापुढे ठेवणं हे तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, ते केलं नाही तर सरकारी केसमध्येच खोट राहते आणि संशयाचा फायदा आरोपीला जाऊ शकतो. पण "तपासात दिसलं" हे सिद्ध कशाने होणार, तर तुमच्या त्या पोचेने. तोंडी सांगितलेलं डायरीत येत नाही.

अटकेनंतर मेडिकल होतं ते बहुतेक वेळा अंगावर मार आहे का एवढंच बघायला होतं, दोन मिनिटांत संपतं. त्याच्यावर अवलंबून राहू नका.

रिमांडला काय होतं ते सांगते. मी मागच्या बाकावर बसले होते. मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं नाव काय, दादाने सांगितलं. वय, सांगितलं. पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, म्हणाला नाही. संपलं, पुढची केस. तीन प्रश्नांची तीन बरोबर उत्तरं दिली म्हणून तो शहाणा ठरला. लोकांना वाटतं मनोरुग्ण म्हणजे कपडे फाडणारा, ओरडणारा, पण स्किझोफ्रेनियाचा माणूस भ्रमाचा विषय सोडून बाकी सगळं नीट बोलू शकतो. त्यामुळे "बघितल्यावर कळेलच साहेबांना" या भरवशावर राहू नका, कळत नाही. वकिलाने उठून सांगावं लागतं आणि लेखी द्यावं लागतं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, ते जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, तालुक्याला तालुका समिती असते. कोठडीत असलेल्या माणसाला आणि दिव्यांग माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तसं कलमच आहे, शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिलाय. हेल्पलाइन १५१००. आम्हाला पुढे मिळालेल्या वकील ताई तिथल्याच होत्या आणि आधीच्या पैसे घेणाऱ्यांपेक्षा दहापट बऱ्या होत्या, सगळी केस फिरली ती त्यांच्यामुळे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, गुन्हा काही नाही, नुसता रस्त्यावर भटकत होता म्हणून उचलला असेल तर तो वेगळा विषय आहे. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला २४ तासांत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवायला सक्त मनाई आहे.

अर्ज

अर्ज लांबलचक नको. आमच्या वकील ताईंनी जो दिला होता तो दीड पानाचा होता, मराठीत, आणि त्याचा गाभा साधारण असा होता (कलम नवीन घालून देतेय):

"सदर आरोपी हा सन २००४ पासून मानसिक आजाराने ग्रस्त असून त्याबाबतचे केसपेपर सोबत जोडले आहेत. आरोपीस त्याच्यावरील आरोपाचे स्वरूप समजत नाही व तो वकिलांस सूचना देऊ शकत नाही. सबब, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६८ अन्वये आरोपीच्या मनोविकलतेबाबत व बचाव करण्याच्या असमर्थतेबाबत प्रथम चौकशी व्हावी व त्यास वैद्यकीय तपासणीसाठी पाठविण्यात यावे, ही विनंती."

यातला "प्रथम" हा शब्द महत्त्वाचा आहे. कायदाच म्हणतो की ट्रायलमध्ये अशी शंका आली तर कोर्टाने आधी तेवढाच मुद्दा तपासायचा, बाकी साक्षी-पुरावे नंतर. आणि "वकिलांस सूचना देऊ शकत नाही" या वाक्यामागे खरं उदाहरण ठेवा. वकील ताई दादाला जेलमध्ये भेटून आल्या आणि त्यांनी अर्जात लिहिलं की मी घटनेबद्दल तीनदा विचारलं, आरोपीने तिन्ही वेळा विहिरीच्या पाण्याबद्दल सांगितलं आणि मला पाणी तपासून आणायला सांगितलं. जजवर अशा एका ओळीचा जितका परिणाम होतो तितका पाच सायटेशनचा (म्हणजे जुन्या निकालांच्या दाखल्यांचा) होत नाही हे मी बघितलंय.

खरं तर दादाच्या बाबतीत शेवटी त्यानेच काम केलं. अर्ज पेंडिंग होता, चार्ज फ्रेम करायची म्हणजे आरोप निश्चित करायची तारीख होती, जजसाहेबांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं गुन्हा कबूल आहे का. दादा हात जोडून म्हणाला, "हो साहेब, पण आधी पाणी तपासा, तुमच्याकडे पण तीच पाइपलाइन आलीय." साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्याच दिवशी तपासणीची ऑर्डर झाली.

सिव्हिलचा रिपोर्ट

कोर्ट आधी सिव्हिल सर्जनकडे म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवतं, आणि तिथे आजार दिसला तर पुढे मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. गरज पडली तर निरीक्षणासाठी ॲडमिट करतात. महाराष्ट्रात त्यासाठी जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, ठाणे, पुण्याचं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, गोव्यात बांबोळीची संस्था आहे. रिपोर्ट पटला नाही तर आरोपीला मेडिकल बोर्डाकडे अपील करता येतं, त्या बोर्डावर जवळच्या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाचे प्रमुख आणि जवळच्या मेडिकल कॉलेजचे मानसोपचाराचे एक प्राध्यापक असतात.

इथे आमचे दोन महिने गेले. पहिला रिपोर्ट आला तो एका ओळीचा, स्किझोफ्रेनियाचा जुना रुग्ण आहे, उपचार चालू आहेत. बस. अहो पण कोर्टाला आजाराचं नाव नकोय, कोर्टाला हवंय की हा बचाव करू शकतो का. रिपोर्ट परत पाठवला, पुन्हा तारीख, पुन्हा एस्कॉर्ट नाही म्हणून पोलीस आणत नाहीत, पुन्हा तारीख. म्हणून तपासणीची ऑर्डर होतानाच वकिलांना सांगा की डॉक्टरांना विचारायचे प्रश्न ऑर्डरमध्येच लिहून घ्या, आरोप समजतो का, कोर्टात काय चाललंय ते समजतं का, वकिलाशी बोलू शकतो का, दाखल ठेवण्याची गरज आहे की बाहेरून औषधं घेऊन चालेल, आणि साधारण किती काळ उपचार लागतील. चौथा प्रश्न तर विसरूच नका, जामीन त्याच्यावर आहे. आणि डॉक्टरांची साक्ष घ्यायची असते, नुसता रिपोर्ट फाइलला लावून काम होत नाही, तेव्हा डॉक्टरांना बोलवा असा आग्रह धरा.

तपासणीला नेतील त्या दिवशी घरचं कोणीतरी हॉस्पिटलमध्ये हजर राहा. डॉक्टरांना समोरचा माणूस अर्धा तास दिसतो, बारा वर्षं तुम्ही बघितलीत. हिस्टरी तुम्हीच सांगणार.

जामीन, जो कोणी सांगत नाही

बचाव करायला असमर्थ ठरला की खटला थांबतो. (आणि पुराव्यात मुळात काही दमच नसेल तर थांबवत नाहीत, सोडूनच देतात, आणि ते आरोपीला एकही प्रश्न न विचारता, फक्त वकिलाचं ऐकून ठरवायचं असतं.) मग पुढे काय, तर लोकांना वाटतं की आता मनोरुग्णालयात किंवा जेलमध्ये पडून राहायचं. नाही. कलम ३६९ वाचा, जुनं ३३०. त्यात स्पष्ट लिहिलंय की गुन्हा जामीनपात्र असो की अजामीनपात्र, अशा माणसाला जामिनावर सोडायचं, दोन गोष्टी असतील तर. एक, त्याला दाखल करून ठेवण्याची गरज नाही असं वैद्यकीय मत. दोन, कोणी नातेवाईक किंवा मित्राने लिहून द्यायचं की मी याला जवळच्या दवाखान्यात नियमित ओपीडीला नेईन आणि हा स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही याची काळजी घेईन.

आमचं ३०७ होतं म्हणून आम्ही जामिनाचं नावच काढलं नव्हतं. हे कलम कळलं तेव्हा मी रात्री झोपले नाही, इतके महिने तो आत होता आणि दार असं होतं की जे आम्ही ढकलूनच बघितलं नाही.

हमीपत्र देताना मोघम लिहू नका. कोणता दवाखाना, घरापासून किती किलोमीटर, कोणत्या वारी मानसोपचाराची ओपीडी असते, कोण घेऊन जाणार, गोळ्या कोण देणार, दिवसभर घरी कोण असतं, हे लिहा. डॉक्टरांचं पत्र, स्वतःचं प्रतिज्ञापत्र, आधार, राहत्या घराचा पुरावा, जामीनदाराचा सातबारा किंवा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला). आणि ज्याला मारलं तो शेजारीच राहत असेल तर त्याचा विचार आधी करा, कोर्टही तोच विचारणार. आम्ही दादाला आत्याच्या गावी ठेवलं. काकांच्या दारातून त्याला रोज जाता-येता बघायला लावणं हे काकींना सहन झालं नसतं आणि ते बरोबरच होतं, त्यांचा काय दोष. त्यांच्या हॉस्पिटलचा खर्च आम्ही केला, केस हलकी व्हावी म्हणून नाही, करायलाच हवा होता.

जामीन शक्य नसेल किंवा हमी द्यायला कोणी नसेल तर कोर्टाने त्याला उपचार मिळतील अशाच ठिकाणी ठेवायचं असतं, नुसतं जेलच्या बराकीत नाही.

आत असेपर्यंत

जेलमध्ये बाहेरच्या गोळ्या अशाच आत घेत नाहीत. चिठ्ठीची प्रत जेलच्या मेडिकल ऑफिसरला द्या आणि कोर्टाकडून "आरोपीस चालू औषधे देण्यात यावीत" अशी ऑर्डर घ्या, अर्धा पानाचा अर्ज पुरतो. भेटीला गेलात की हात थरथरतायत का, जीभ जड झालीय का, झोप लागते का ते बघा आणि तारीख टाकून वहीत लिहा.

आणि त्या वहीसारखेच जेलचे कागदही जपा. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या एका पोलीस कॉन्स्टेबलला खुनाच्या केसमध्ये कलम ८४ चा फायदा दिला, वकिलांना हा निकाल माहीत असतो. त्यात बऱ्याच गोष्टी बघितल्या गेल्या, वडिलांनाही आजार होता, आधी उपचार झाले होते, खुनाचं कारण फार किरकोळ होतं, दिवसाढवळ्या झालं आणि तो लपला नाही की पळाला नाही, आणि त्याचबरोबर हेही की घटनेनंतर जून ते डिसेंबर १९९४ मध्ये त्याला २५ वेळा उपचारासाठी न्यावं लागलं होतं. म्हणजे घटनेनंतरचे कागद पण घटनेच्या वेळच्या मनाबद्दल बोलतात. जेल हॉस्पिटलच्या नोंदींच्या प्रती मागा, आपले वैद्यकीय कागद मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २५.

तारखेला हजर राहायचं सोडू नका, निकाल लागणार नसला तरी. आसाममध्ये १९५१ साली एका तरुणाला अटक होऊन तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं होतं, १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो बरा आहे असं लिहिलं, आणि तो सुटला २००५ मध्ये. ५४ वर्षं, खटला न चालता. खटला थांबला की फाइल कपाटात जाते आणि तिची आठवण करून देणारं कोणी नसलं तर ती तिथेच राहते. माणूस बरा होऊन बचाव करण्यालायक झाला की खटला पुन्हा सुरू करता येतो, आणि करायला लावायचाच असतो, लोंबकळत ठेवण्यात आरोपीचंच नुकसान आहे.

आता दुसरा प्रश्न, त्या दिवशी मन कसं होतं

दादा सात महिन्यांच्या उपचारानंतर फिट ठरला, खटला सुरू झाला आणि मग कलम २२ ची म्हणजे तेव्हाच्या ८४ ची लढाई.

इथे एक कडू गोष्ट ऐकून घ्या. आजार आहे एवढं दाखवून कोणी सुटत नाही. कोर्ट म्हणतं वैद्यकीय वेड वेगळं आणि कायद्यातलं वेड वेगळं. आजाराची फाइल कितीही जाड असू दे, कोर्ट विचारणार की त्या क्षणी समज होती का. ही कसोटी फार जुनी आहे, १८४३ मध्ये लंडनला मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान पील समजून त्यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली, तो वेडाच्या कारणावर सुटला, मोठा गदारोळ झाला आणि त्यातून हे नियम निघाले, तेच १८६० च्या आयपीसीत आले आणि आजही जवळपास त्याच शब्दांत आहेत. मानसोपचार दीडशे वर्षं पुढे गेलाय, कसोटी आहे तिथेच आहे, मला हे पटत नाही पण कोर्टात जायचं तर आहे त्याच कसोटीवर जायचंय.

सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. पण सरकारी पक्षासारखं निःसंशय सिद्ध करायला लागत नाही, शक्यता आपल्या बाजूला जास्त झुकते एवढं दाखवलं तरी चालतं, आणि तेवढंही जमलं नाही पण पुराव्यावरून जजच्या मनात शंका आली की याच्या डोक्यात मारण्याचा हेतू तरी होता का, तर तो फायदा आरोपीला मिळतो. १९६४ च्या सुप्रीम कोर्टाच्या गुजरातच्या निकालात हे आलंय आणि अजून तोच निकाल वापरतात. त्यात अजून एक सांगितलंय, घटनेच्या आधी, घटनेच्या वेळी आणि घटनेच्या नंतर तो कसा वागत होता ते बघायचं. पुरावा गोळा करताना हेच तीन कप्पे करा.

आधीसाठी केसपेपर, ओपीडी कार्ड, मेडिकलची बिलं, दिव्यांग सर्टिफिकेट, कामावरच्या रजा, पूर्वी कधी पोलिसांत एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली असेल तर ती. देवऋषाकडे, दर्ग्यावर, कुठे कुठे नेलं होतं तेही सांगा, लाजू नका, कारण गावातल्या माणसाच्या आजाराची पहिली नोंद बऱ्याचदा तिथेच असते आणि सोबत गेलेला माणूस साक्ष देऊ शकतो. आमच्याकडे केसपेपर अर्धे उंदराने खाल्लेले होते. कामी आला तो स्टँडजवळचा मेडिकलवाला. त्याच्याकडे उधारीची वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची, त्यात दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला दादाच्या गोळ्या लिहिलेल्या, डिसेंबर २०१५ पर्यंत, आणि जानेवारीपासून आमच्या नावाचं पान कोरं. ती वही घेऊन तो पिंजऱ्यात उभा राहिला. सरकारी वकिलांनी उलटतपासणीत विचारलं वही नंतर लिहिली कशावरून नाही, त्याने पान उलटून मधल्या मधल्या दुसऱ्यांच्या नोंदी दाखवल्या. गोळ्या कधी थांबल्या हे इतकं स्वच्छ कोणत्याच डॉक्टरच्या कागदात नव्हतं.

घटनेच्या वेळसाठी प्रत्यक्ष बघणारे. वैर होतं का, आधीपासून तयारी केली होती का, काय बोलत होता. नंतरसाठी, पळाला का, हत्यार लपवलं का, कपडे धुतले का, खोटं बोलला का. लपवलं असेल तर अवघड जातं हे खरंय, कारण लपवणाऱ्याला चूक कळत होती असा अर्थ निघतो. मोबाइलवर व्हिडिओ असतील तर मूळ फोनमधून डिलीट करू नका, नुसतं पेन ड्राइव्हवर घेऊन चालत नाही, नवीन साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं.

आणि आमच्या केसमध्ये जे झालं ते मी कुठल्या कप्प्यात टाकू मला माहीत नाही. काकांची साक्ष झाली. त्यांनी मार कसा बसला ते सगळं खरं सांगितलं, मग आमच्या वकील ताईंनी विचारलं की तुमचं आरोपीशी काही भांडण होतं का. काका म्हणाले, "भांडण कशाचं, पोरगं माझ्या अंगाखांद्यावर वाढलं. डोकं ठिकाणावर नव्हतं त्याचं, साऱ्या गावाला ठाऊक आहे." ज्या खांद्यावर घाव होता त्याच हाताने ते दादाकडे दाखवत होते.

दारूचं एका ओळीत सांगते, स्वतःहून प्यायला असेल तर नशेचा बचाव मिळत नाही, कलम २४. आणि खोटं वेड घेऊ नका, निरीक्षणात ते टिकत नाही आणि खऱ्या आजारी माणसांवरचा विश्वास त्यामुळे जातो.

बौद्धिक अक्षमता असेल तर

जन्मापासून समज कमी असलेला माणूस, ज्याला आपल्याकडे अजून मतिमंद म्हणतात, त्याचं वेगळं आहे. मानसिक आजारात औषधाने बरा होईल म्हणून खटला पुढे ढकलतात, इथे बरं होण्याचा प्रश्न नाही, म्हणून बचाव करायला असमर्थ ठरला तर चौकशी बंदच करायची किंवा खटला चालवायचाच नाही असं कायदा सांगतो, आणि मग ३६९ प्रमाणे घरच्यांकडे किंवा निवासी संस्थेत. यासाठी दिव्यांग सर्टिफिकेट, शाळेचे दाखले, विशेष शाळेच्या बाईंची साक्ष हे महत्त्वाचं. अशी मुलं समोरच्याला खूश करायला सगळ्याला हो म्हणतात, पोलिसांना पण. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, पण मॅजिस्ट्रेटसमोर कबुलीजबाबासाठी नेणार असतील तर त्याच्या आधी वकील पोचलाच पाहिजे, कामधंदा सोडून पळा.

सुटला म्हणजे घरी आला असं नाही

२२ चा फायदा देऊन निर्दोष सोडताना कोर्टाला निकालात लिहावं लागतं की कृत्य याने केलं होतं की नव्हतं. केलं होतं असं लिहिलं तर तो सरळ घरी येत नाही. कलम ३७४ प्रमाणे एकतर सुरक्षित ठिकाणी ठेवायची ऑर्डर होते, नाहीतर नातेवाइकाने अर्ज करून जामीन-हमी दिली की त्याच्या ताब्यात. हा अर्ज निकालाच्या आधीच तयार करून ठेवा, निकालाच्या दिवशी सगळे रडत असतात, कोणाला सुचत नाही. आम्ही तयार ठेवला होता म्हणून चार दिवसांत काम झालं.

२२ नाहीच मिळालं, शिक्षा झाली, तरी आजाराचे कागद शिक्षेच्या सुनावणीत पुन्हा द्या. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, ज्यात सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये आरोपीचं नावसुद्धा निकालात छापलं नाही, शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजारामुळे फाशी रद्द करून जन्मठेप दिली.

दादा माझ्या हमीवर आहे. सांगतील तेव्हा त्याला दाखवायला न्यावं लागतं, त्यासाठी एक फाइल केलीय, त्यात दर महिन्याच्या इंजेक्शनची पावती, ओपीडीचा कागद, आणि पहिल्या पानावर माझ्या हमीपत्राची नक्कल. मेडिकल स्टँडजवळचंच आहे. आता उधारी नसते, पण मी त्याला सांगितलंय की आमचं पान वहीत चालू ठेव, तो दर महिन्याला लिहितो आणि मी खाली सही करते.